उपकरण जोडले आहे

१

बॅटरी बदलून पाहिलीस का, हा प्रश्न मला त्या दिवसांत इतक्या जणांनी विचारला की पुढच्या माणसाला मी चावले असते. हो, बदलून पाहिली होती. दुसऱ्या दुकानातून आणून पाहिली होती. ज्या स्प्रिंगला सेल टेकतो ती चिमट्याने ताणून पाहिली होती, पत्र्याच्या पट्ट्या खोडरबराने घासून लखलखीत केल्या होत्या. कीबोर्ड थोडा वेळ गुणी बाळासारखा चालायचा आणि मग ऐन वाक्याच्या मध्यात अंग टाकायचा.

मी माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचं यंत्र यांच्या खोक्यात जे पातळ पुस्तक असतं आणि जे आजवर कुणी उघडलेलं नाही, ते आपल्या भाषेत मी लिहिलेलं असतं. ‘झाकण घट्ट बसवा. ओल्या हाताने स्पर्श करू नका.’ घरी बसून करायचं काम. लॅपटॉपवर चहा सांडला आणि त्याच्या कीबोर्डवरचा ‘र’ मेला. आता ‘र’शिवाय आपल्या भाषेत काय लिहिणार? नवीन कीबोर्ड मागवला, तो दोनदा शेजारच्या इमारतीत पोचला आणि दोनदा परत गेला. म्हणून मग नानांचा जुना, बिनतारी कीबोर्ड माळ्यावरून खाली आला.

नाना म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी लिलाव पुकारण्यात काढला. भरल्या हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या माणसाच्या भुवईची हालचाल टिपायची आणि त्याच्या छातीत धडकी भरेल अशा आवाजात त्याची बोली पुकारायची, हा त्यांचा धंदा. त्यांच्या शेवटच्या लिलावात या कीबोर्डवर कुणी बोलीच लावली नाही. नानांना त्याची दया आली आणि त्यांनी तो घरी आणला. पुढे नानांचे कान गेले, पण आवाज तसाच राहिला. माझं टेबल आणि त्यांची खोली यांच्या मध्ये जी भिंत आहे तिला भिंत म्हणायचं ते केवळ सभ्यता म्हणून. पलीकडे नाना दिवसभर पेपर मोठ्याने वाचायचे, बातमीवर मत द्यायचे, त्या मतावर स्वतःच हरकत घ्यायचे.

नवरा लिफ्टदुरुस्ती करतो. त्याच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांची कारणं दोन: वायर सैल असते किंवा बॅटरी गेलेली असते. तो सकाळी जातो, संध्याकाळी येतो. मधला सगळा वेळ घरात मी, नाना आणि तो कीबोर्ड.

२

कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा दिवा आहे. तो लुकलुकत असला तर कीबोर्ड कुणाला तरी शोधतोय, आणि स्थिर असला तर त्याला ते सापडलंय. त्या वस्तूबद्दल मला नक्की कळलेलं असं एवढंच होतं.

एका सकाळी मिक्सरच्या पुस्तिकेत मी अर्ध्यावर असताना अक्षरं उमटायची थांबली. पडद्यावर नेहमीची पाटी आली: उपकरण जोडलेले नाही. मी कपाळाला हात लावला आणि कीबोर्डकडे बघितलं. दिवा स्थिर होता.

मी तो बंद केला, पुन्हा चालू केला. दिवा लुकलुकला आणि लगेच स्थिर झाला. लॅपटॉप म्हणत होता जोडलेलं नाही, कीबोर्ड म्हणत होता जोडलेलं आहे. दोघांचं जमत नसेल तर मी मध्ये का पडू, असं वाटून मी रागारागाने तेच वाक्य पुन्हा टाइप केलं. प्रत्येक कळ दाबताना दिवा किंचित मिचकत होता, पण पडद्यावर काहीच उमटत नव्हतं.

पलीकडे नाना कुठल्याशा पुलाची बातमी वाचत होते. ते वाक्याच्या मध्येच थांबले आणि अगदी सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात म्हणाले, “भांडं रिकामं असताना यंत्र चालू करू नका.”

मग पूल पुढे चालू झाला.

मी हसले. काम करताना मी पुटपुटते हे मला माहीत आहे, नवरा त्यावरून चिडवतो. मी बोलले असणार, आणि नानांनी नवीन मशीन लावलेल्या कानांनी ते ऐकलं असणार. कानाची ती दोन मशीनं आम्ही त्यांना अलीकडेच घेऊन दिली होती. दुपारी जेवताना मी समोर बसून सहज विषय काढला. आपण काही बोललो हे नानांना आठवतच नव्हतं. मिक्सरबद्दल ऐकल्याचं मात्र आठवत होतं. माझा आवाज इतका लांबून स्पष्ट आला का, असं मी विचारलं.

नानांनी घास चावत विचार केला. “तुझा आवाज नव्हता गं. आवाज नव्हताच. नुसतं कळलं.”

३

नवऱ्याचं म्हणणं, कानाचं मशीन मोबाईलला जोडता येतं तसं ते चुकून कीबोर्डला जोडलं गेलं असेल. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. दुसऱ्याच दिवशी मी नानांना घेऊन मशीनवाल्या बाईंकडे गेले. दुकान लहान, काचेच्या कपाटात रबराचे मोठाले कान मांडलेले. बाईंनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हसू दाबत समजावलं की कीबोर्डमधून आवाज जातच नाही, कुठली कळ दाबली एवढंच जातं, आणि ते कानाच्या मशीनला कळत नाही. त्यांनी मशीनं काढून आपल्या यंत्रावर तपासली. कुठलंही परकं उपकरण त्यांना जोडलेलं नव्हतं.

“पण सेल गेलेत,” बाई म्हणाल्या. “दोन्हीकडचे. केव्हाचेच गेलेले दिसतायत. काका, तुम्हाला ऐकू कसं येत होतं?”

नाना खिडकीबाहेर बघत होते. त्यांना प्रश्न ऐकूच गेला नव्हता. नवीन सेल घातल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं, रस्त्यावर फार गोंगाट आहे म्हणाले, आणि घरी येताच मशीनं काढून टेबलाच्या खणात टाकली. त्यांची गरज नाही, आता आपल्याला आपोआप कळतं, म्हणाले.

संध्याकाळी नवऱ्याने त्यांना मागून दोनदा हाक मारली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

त्याच रात्री जेवण झाल्यावर नवरा मला हळूच म्हणाला की बाबा हल्ली संध्याकाळी गप्प असतात, तू काही बोललीस का त्यांना? माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर ज्यांचं बोलणं ऐकून माझ्या मेंदूचा भुगा होतो, ते संध्याकाळी दमून गप्प बसले तर त्याचा ठपकाही माझ्यावर. मी म्हटलं, मी त्यांना काहीही बोलले नाही. मी काम संपवते, बॅटरी वाचावी म्हणून कीबोर्ड बंद करते आणि स्वयंपाकाला लागते.

हे बोलताना मला काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं.

४

पुढे काही दिवस कीबोर्ड लॅपटॉपशी बोललाच नाही. मी लॅपटॉपच्याच कळांवर काम ओढत होते. एक ‘र’ जुन्या फाइलमधून उचलून ठेवलेला, लागेल तिथे तो चिकटवायचा. ‘रिकाम्या’, ‘करू’, ‘वापर’, ‘दूर’. दर वेळी एक शिवी मनातल्या मनात. कीबोर्ड बाजूला ठेवलेला, सवयीने सकाळी चालू केलेला, दिवा स्थिर.

एका दुपारी पलीकडे नाना हवामानाची बातमी वाचत असताना मी हात लांब करून त्यावर दोन शब्द टाइप केले. ओठ घट्ट मिटून, दातांत जीभ धरून, म्हणजे पुटपुटण्याचा प्रश्नच नको.

‘लाल बादली.’

“लाल बादली,” नाना म्हणाले, त्याच सपाट आवाजात, आणि पुन्हा हवामान.

तरी मन कारणं शोधतच होतं. मनात मी विचार केला, तो त्यांनी ओळखला, योगायोग, वय. कुठल्याही दोन शब्दांना योगायोग म्हणता येतं. म्हणून मी ‘पाणी प्या’ असं टाइप केलं. पलीकडे पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. तांब्यावरचं भांडं वाजलं. पाणी ओतल्याचं, घोटल्याचं ऐकू आलं.

मी उठून दारातून डोकावले. भांडं हातात धरून नाना त्याच्याकडे बघत होते. तहान नव्हती, उगाच प्यायलो, असं स्वतःशी म्हणाले. मग मला बघून हसले आणि पूल शेवटी पडलाच म्हणून सांगू लागले.

नवऱ्याला सांगायचं ठरवलं होतं. वाक्य कसं सुरू करायचं ते सुचलं नाही. तो म्हणाला असता, बॅटरी बदलून पाहिलीस का?

५

त्यानंतर मी त्या कीबोर्डला हात लावला नव्हता, बंद करायलासुद्धा नाही. लावणारही नव्हते. पण काम द्यायचा दिवस आला. प्रेशर कुकरची पुस्तिका दुपारपर्यंत हवी होती आणि ऑफिसातली बाई सारखी फोन करून किती झालं ते विचारत होती. ‘र’ चिकटवून चिकटवून माझी बोटं आखडली होती. आणि नाना त्या दिवशी अगदी रंगात आले होते. कधीकाळी विकलेल्या एका पियानोचा लिलाव ते पहिल्या बोलीपासून पुन्हा पुकारत होते. सगळ्या गिऱ्हाइकांचे आवाज तेच काढत होते. मध्ये थांबून मला विचारत होते, अगं, ऐकतेयस ना?

मी दोनदा जाऊन विनंती केली. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि मी टेबलाशी पोचायच्या आत पियानो पुन्हा सुरू. मशीनं खणात, कान बंद, माझं बोलणं त्यांच्यापर्यंत जातच नव्हतं.

मग मी कीबोर्ड पुढे ओढला. विचार केला नाही. डास मारताना करत नाही तसा.

‘नाना, आज जरा गप्प बसा.’

आवाज शब्दाच्या मध्यावर तुटला. घरात फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची चेन ऐकू आली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी कुकरची पुस्तिका एका दमात संपवली आणि पाठवून दिली.

६

ताट घेऊन गेले तेव्हा नाना पलंगाच्या कडेला बसले होते. पेपर मांडीवर, हात गुडघ्यांवर. मला बघून त्यांनी तोंड उघडलं. जबडा हलला, गळ्याची शीर फुगली, ओठांनी शब्दांचे आकार केले. आवाज आला नाही. कुजबूजसुद्धा नाही. ते खोकले, छाती हलली, पण खोकल्यालाही आवाज नव्हता.

माझा पहिला विचार पक्षाघाताचा. दोन्ही हात वर करा, असं मी खुणेने सांगितलं. त्यांनी केले. हसा अशी खूण केली, ते केविलवाणे हसले, दोन्हीकडून सारखे. मी डॉक्टरांना फोन लावला. कृपया प्रतीक्षा करा, म्हणत पलीकडे गाण्याची धून सुरू झाली. फोन तसाच पलंगावर ठेवला.

नानांनी खणातून मशीनं काढून कानांत घातली. ताट मुद्दाम वाटीने वाजवलं, ते त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उजळला. मग पुन्हा बोलून पाहिलं. पुन्हा काही नाही. तेव्हा मला उमगलं की त्यांना वाटत होतं आपले कान गेलेत. आवाज गेलाय हे त्यांच्या आता ध्यानात येत होतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने आपला गळा चाचपला, एखादी वस्तू नेहमीच्या जागी सापडू नये तसा.

मी टेबलाकडे धावले. ‘बोला’ एवढंच टाइप करायचं होतं. पण दिवा विझलेला होता.

बॅटरी. अखेर खरोखरच बॅटरी संपली होती.

७

झाकणाची खुंटी माझ्या नखाखाली तुटली. आतले सेल फुगून जागीच अडकले होते, त्यांच्या टोकांना पांढरी भुकटी धरली होती. चमच्याच्या दांड्याने उचकटून काढले. घरात नवीन सेल नव्हते. टीव्हीच्या रिमोटमधले काढून बसवले आणि झाकणावर चिकटपट्टी मारली. दिवा लुकलुकायला लागला.

आणि लॅपटॉपने पिंग केलं. उपकरण जोडले आहे.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा, न मागता, न भांडता. मी ‘बोला’ टाइप केलं. कुकरच्या पुस्तिकेच्या तळाशी, शिट्टीच्या सूचनेखाली, तो शब्द सुबक उमटला. पलीकडे शांतता. मी पाच-सहा वेळा टाइप केलं. पडद्यावर एकाखाली एक बोला, बोला, बोला.

लॅपटॉपच्या यादीतून मी ते उपकरण काढून टाकलं, कीबोर्ड छातीशी धरून नानांच्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. जोडणीचं बटण पाठीमागे एका बारीक भोकात असतं. केसांतली पिन काढून ते दाबून धरलं. दिवा भराभर लुकलुकू लागला. फोनमधून धून चालूच होती.

लॅपटॉपशी जोडताना पडद्यावर चार आकडे येतात, ते कीबोर्डवर टाइप करावे लागतात. इथे पडदा कुठला? मी नानांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिले. घामाखेरीज तिथे काही नव्हतं. तेही माझ्याकडे बघत होते, लहान मुलाने बघावं तसे.

आणि मग मला आकडे दिसले. कुठे, ते सांगता येणार नाही. डोळे मिटले तरी दिसत होते. मी ते टाइप केले. दिवा स्थिर झाला.

‘बोला.’

“बोला,” खोलीत आवाज आला. माझाच होता. घाईघाईत मी लिहिता लिहिता म्हणून गेले असणार.

नाना दचकले. घसा खाकरला, आणि ते खाकरणं मला ऐकू आलं. “अगं, केवढ्याने ओरडतेस,” ते म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मीही रडले. फोनवर कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं. काही नाही, चुकून लागला, असं सांगून मी तो बंद केला.

८

संध्याकाळी नाना बोलत होते. मी कीबोर्ड बंद केला नव्हता. तो बंद केला की नानांचा आवाज जातो, ते संध्याकाळी गप्प असायचे ते म्हणूनच, याचा उलगडा मला आता झाला होता. निदान मला तसं वाटत होतं. चालू ठेवून मी तो टेबलावर टॉवेलखाली झाकला होता. कुणी हात लावायचा नाही, आणि रोज बॅटरी तपासायची. नवऱ्याला जेवल्यावर सगळं सांगायचं, काय वाटायचं ते वाटो.

तो आला तेव्हा मी ओट्याशी होते. बाहेर नाना त्याला पियानोचा लिलाव सांगत होते आणि तो हसत होता. बऱ्याच दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं. जेवायला या म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात एक विचित्र आवाज सुरू झाला. अक्षरांचा लगदा. क, प, त, म, काना नाही, मात्रा नाही, एकावर एक आदळणारी अक्षरं, आधी डावीकडून उजवीकडे आणि मग उलट. मला वाटलं, नाना. मी हातातला डाव तसाच टाकून दाराशी आले.

नाना खुर्चीत बसले होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. ते माझ्याकडे बघत होते.

टेबलाशी नवरा उभा होता. टॉवेल बाजूला, कीबोर्ड समोर. माझी रोजची कटकट ऐकून त्याने कामावरून एक फवाऱ्याची बाटली आणि फडकं आणलं होतं, आणि तो सगळ्या कळा नीट दाबून पुसत होता. तो थांबला, आवाज थांबला. त्याने मान वर केली. माझी जीभ दातांवर आपटून हुळहुळत होती.

“काय गं?” तो म्हणाला, आणि तोल सावरायला त्याने हात टेकला. कीबोर्डवर.

माझ्या तोंडातून एकच अक्षर निघालं आणि निघतच राहिलं. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. हातांखाली ओठ हलतच होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताखाली पाहिलं. तो घाबरला, पण भांबावला नाही. बिघडलेलं यंत्र हाताळायची त्याला सवय आहे. त्याने कीबोर्ड उलटा केला.

मी मान हलवली. जोरजोरात, दोन्ही हातांनी नको, नको केलं. त्याला वाटलं मी भ्यायलेय. “थांब, एका सेकंदात,” असं म्हणत त्याने चिकटपट्टी ओढून काढली आणि कीबोर्ड टेबलावर आपटला. दोन्ही सेल बाहेर पडले. एक टेबलावर राहिला, एक घरंगळत कपाटाखाली गेला.

सगळं शांत झालं.

“झालं,” तो म्हणाला. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याजवळ येऊन माझ्या तोंडावरचे हात हलक्याने खाली घेतले. नाना उठून माझ्या दुसऱ्या बाजूला आले. त्यांनी माझं मनगट धरलं.

“आता सांग, काय होत होतं तुला?” नवरा म्हणाला. “अगं, बोल ना.”